प्लेटचा रिकामा कप्पा

थोरल्याची उभी हयात गोळ्या झाडण्यात गेली, पण माणसावर त्याने एकही झाडली नाही. बुलेटप्रूफ जाकिटं तपासणं हे त्याचं काम. जाकीट मातीच्या ठोकळ्यावर बांधायचं, पिस्तूल झाडायचं आणि मागे मातीत खड्डा किती पडला ते मोजायचं. पिस्तुलाची गोळी आखूड, जाडी आणि तशी संथच. कापडाच्या थरांत अडकली की नाक चेपून बटणासारखी चपटी होते. असली बटणं त्याच्या खणात डबाभर होती.

धाकटा कैद्यांच्या गाडीवर पहाऱ्याला लागला आणि आईच्या जिवाला घोर लागला. तेव्हा थोरल्याने जेवता जेवता एक बटण तिच्या तळहातावर ठेवलं. "बघ, हे असं होतं. आता झोप निवांत."

"दादा, आणि जाकिटाच्या पुढच्या कप्प्यातली ती जड प्लेट?" धाकट्याने विचारलं. "पाठीचं पार भजं होतं तिच्यानं."

"काढून ठेव की. इथं रायफल घेऊन कोण येतंय?"

रायफलीची गोळी बारीक, लांब आणि दुपटी-तिपटीने वेगवान. नुसत्या कापडाला ती जुमानत नाही, तिला कडक प्लेटच लागते. हे त्याच्याइतकं कुणालाच पाठ नव्हतं. पण आई ऐकत होती, आणि शहाण्याने तिच्यासमोर फुशारकी मारली.

चार महिन्यांनी गाडी अडवणाऱ्यांकडे रायफल निघाली.

धाकट्याचं जाकीट तपासायला आलं तेव्हा साहेब म्हणाले, "तू राहू दे. दुसरा कुणी बघेल."

"पास मी केलंय. मीच बघतो."

छातीवर पेन्सिल जाईल एवढं भोक होतं. त्याने प्लेटच्या कप्प्यात हात घातला. आत कंगवा होता. धाकट्याला केसांचं भारी कौतुक. मग अहवालात त्याने लिहिलं: दोष नाही.

घरी आई वाटच बघत होती. "जाकीट फसवं निघालं ना रे?"

हो म्हणायला काय जात होतं? आयुष्यभर तिने कुठल्यातरी कारखान्याला शिव्या घातल्या असत्या.

"जाकीट चांगलं होतं, आई. प्लेट काढ म्हणून मी सांगितलं. तुझ्यादेखत."

आईने उशीखालून त्याने दिलेली ती चपटी गोळी काढली आणि त्याच्यासमोर ठेवली.

"ही घेऊन जा," ती म्हणाली.