वाऱ्याआडची जागा

हिवाळ्याचा तळ टाकायचा तो डोंगराच्या पोटाशी, वारा पोचणार नाही अशा जागी. तीस वर्षं आम्ही तेच केलं आणि मेंढरं वाचवली. यंदा मात्र मी त्याच जागेला रोज शिव्या घालतेय.

कारण माझा नवरा, दाम्बा. तरुणपणी खाणीत काढलेल्या सात वर्षांनी त्यांची छाती पार खाल्ली. या उन्हाळ्यापासून रात्री श्वासाच्या यंत्राची नळी नाकाला लावून झोपावं लागतं. उन्हाळ्यात दाराशी सौरपाटी आणि शेजारी पवनचक्की, दोघी मिळून बॅटरी भरायच्या, मला बघावंही लागायचं नाही. हिवाळ्यात दिवस एवढासा. पाटीवर दिवा आणि फोन भागतो, यंत्र नाही. आणि चक्की इथे ढिम्म हलत नाही. शेवटी शेजारच्या तळावरच्या पुरेवने ती वर खिंडीत उभी करून दिली. तंबूपर्यंत तार काही पुरेना.

"बॅटऱ्या दोन आहेत ना? एक वर, एक खाली," तो म्हणाला. "चढत जा वहिनी, तब्येत सुधारेल."

"तूच चढ. पोट बघ जरा."

तेव्हापासून रोज सकाळी रिकामी बॅटरी पाठीवर बांधून वर, भरलेली घेऊन खाली. उंटीण गाभण, तिच्यावर लादवत नाही. महिन्याभरात माझी पाठ कामातून गेली. रात्री अशी मेल्यासारखी झोपते की यंत्राची घरघरही ऐकू येत नाही.

एरवी मी तारा जोडते आणि लगेच उतरते. काल दम लागला म्हणून तिथेच टेकले, आणि काट्याकडे लक्ष गेलं. मी नुकत्याच वर आणलेल्या बॅटरीचा काटा भरल्याच्या खुणेवर होता. आधी वाटलं, काटाच बिघडला. मग कळलं. भरलेली बॅटरी मी डोंगर चढून वर आणली होती. यंत्र रात्री चाललंच नव्हतं.

खाली आले तर दाम्बा चुलीशी बसलेले, ओठ निळसर.

"किती दिवस?"

"चार."

"मरायचं ठरवलंय का?"

"तू झोपेत कण्हतेस, खोर्लो," ते थांबत थांबत म्हणाले. "वापरली नाही तर न्यावी लागणार नाही म्हटलं. पण सांगायचा धीर झाला नाही."

मला इतका राग आला की रडूच फुटलं. त्यांच्यासमोर कधी रडले नव्हते.

आज तंबू उतरवायला घेतला. पुरेव धावत आला.

"वर खिंडीत? वेड लागलंय का वहिनी? वाऱ्यात कुणी घर मांडतं?"

"आम्ही मांडतो. शेण भरपूर आहे जाळायला."

"आणि मेंढरं?"

"ती इथेच, आडोशाला."

"मग रोज त्यांच्याकडे खाली-वर कोण करणार?"

"मीच," मी दोर सोडता सोडता म्हणाले. "पण रिकाम्या पाठीनं."