रस्त्यावरचं अ‍ॅव्हरेज

आमच्या घरात देवाच्या खालोखाल कशाला मान असेल, तर तो गाडीच्या अ‍ॅव्हरेजला. माझा नवरा तुषार सकाळी उठला की आधी गाडीवरचं कव्हर जागेवर आहे का ते बघतो, मग मी आहे का ते बघतो. आशागडला आमच्या अंगणात ही लाल पेट्रोल गाडी उभी असते. ती बाहेर निघते ती सीमेपलीकडे गुजरातमध्ये टाकी भरायला, कारण तिकडे पेट्रोल स्वस्त. म्हणजे पेट्रोल आणायला पेट्रोल जाळायचं आणि घरी येऊन बचत झाली म्हणून खूश व्हायचं. हे गणित मी शाळेत मुलांना शिकवत नाही. त्यांच्या भवितव्याचा प्रश्न आहे.

मी तलासरीजवळच्या एका शाळेत शिक्षिका आहे. टमटमने चारोटी, तिथून हायवेवर मिळेल त्या वाहनाने पुढे. बहुतेक दिवशी मी पोचते तेव्हा प्रार्थना संपलेली असते आणि मुख्याध्यापक माझ्याकडे न बघता घड्याळाकडे बघत असतात. डहाणूच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकून मी लायसन काढलं त्यालाही दोन वर्षं झाली होती. पण गाडी मागितली की तुषार आजाऱ्याची समजूत काढावी तशा आवाजात सांगायचा, की बायकांचा पाय जड असतो, अ‍ॅव्हरेज पडतं. त्या गाडीच्या एकाही पेडलला माझा पाय कधी लागला नव्हता. तरी तो जड आहे हे त्याला ठाऊक होतं.

दोन हजार अठराच्या मे महिन्यात माझी नणंद वर्षा आणि तिचा नवरा दिपक आमच्याकडे जेवायला आले. दिपकची पांढरी, सात जणांची डिझेल गाडी. आंब्याच्या रसाची वाटी पुढे आली तसा विषय निघाला, कोणाची किती देते. दोघांनीही आपापल्या गाडीबद्दल जे आकडे सांगितले, ते गाडी बनवणाऱ्यांनी ऐकले असते तर त्यांनाही संकोच वाटला असता. शेवटी दिपक म्हणाला, कंपनीचं सोड, रस्त्यावरचं खरं अ‍ॅव्हरेज काढू. डहाणूला टाकी काठोकाठ भरायची, चारोटीवरून हायवेला लागायचं, तलासरी मागे टाकून सीमेपलीकडच्या पंपावर पुन्हा काठोकाठ भरायची. रोज जशी चालवतो तशीच चालवायची आणि नंतर कारणं सांगायची नाहीत. ही शेवटची अट दिपकचीच होती, हे लक्षात ठेवा.

त्या भरात तुषारने सगळ्यांदेखत मला वचन दिलं, की माझी गाडी जिंकली तर शाळा उघडल्यापासून ती तू न्यायचीस. मला खरंच आनंद झाला. तो भांडी घासेपर्यंत टिकला. मग डोक्यात आलं की अ‍ॅव्हरेजमध्ये डिझेल गाडी पेट्रोलला सहसा हरत नाही. जिंकला तर मान मिळणार, हरला तर चावी खिशात राहणार. माणसाला एवढं उदार व्हायला हरण्याची खात्री लागते.

एकमेकांवर विश्वास असा, की लबाडी होऊ नये म्हणून प्रत्येकाने आपली बायको दुसऱ्याच्या गाडीत बसवली. वर्षा तुषारशेजारी, मी दिपकशेजारी. वजनही सारखं होईल, असं दोघांचं म्हणणं पडलं. इतक्या वर्षांच्या संसारात आमचा एवढा स्पष्ट उपयोग पहिल्यांदाच कोणी सांगितला होता.

डहाणूच्या पंपावर टाकी भरताना हे दोघे बाप्ये गाडीला मागून धरून गदागदा हलवत होते, आतली हवा निघून आणखी घोटभर मावावं म्हणून. मी आणि वर्षा पलीकडे तोंड करून उभ्या राहिलो.

तुषार पुढे निघाला. एसी बंद, कारण तो पेट्रोल खातो. काचाही बंद, कारण वारा गाडीला अडवतो. मे महिन्यात. बिचाऱ्या वर्षाचं काय झालं असेल ते मोदकाच्या पात्राला विचारा.

आमची गाडी मागून निघाली. दिपक त्या वर्षी पंचायतीच्या निवडणुकीला उभा राहणार होता. आता आमच्या रस्त्यावरची एक रीत सांगते. ओळखीच्या माणसाने हात केला आणि तुम्ही रिकामी गाडी तशीच पुढे नेलीत, तर संध्याकाळपर्यंत पाड्यापाड्यात पोचतं की अमका आता मोठा झाला. आशागडच्या नाक्यावर लाहू आणि त्याची बायको बोचकी घेऊन उभे होते. लाहूने अर्धवट हात वर केला होता. दिपकने न दिसल्यासारखं करून पाय दाबला. मी काच खाली केली.

"लाहूदादा, कुठे निघालात? बसा ना, गाडी रिकामीच आहे."

दिपकने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी टाकीला भोक पाडलंय. मी हळूच त्याला निवडणुकीची आठवण करून दिली. तो लगेच हसला, उतरला आणि बोचकी स्वतःच्या हाताने उचलून मागे ठेवली. चारोटीला नवशीआजी भेटली, लेकीकडे भिलाडला निघालेली, सोबत तांदळाच्या दोन गोणी. पुढे हायवेला माझ्या वर्गातल्या पोरांचे आईबाप भेटत गेले, कोणी कंपनीत पाळीवर निघालेलं, कोणी बाजाराला. बाई म्हटल्यावर सगळे ओळखतात. कोणी हात नाही केला तर मीच करत होते. दर वेळी थांबायचं, दर वेळी पुन्हा पहिल्या गिअरपासून सुरुवात. एकदा तर मागे राहिलेल्या माणसासाठी मी गाडी मागे घ्यायला लावली. मागचं दार लागेना, ते सुतळीने बांधलं. तलासरीच्या अलीकडे दिपक घाम पुसत म्हणाला की वहिनी, तुम्ही माझ्यासाठी एवढा प्रचार कराल असं वाटलं नव्हतं. मी म्हटलं, घरच्या माणसासाठी एवढं करायलाच हवं.

आम्ही पंपावर पोचलो तेव्हा तुषारचा शर्ट पिळण्याजोगा झाला होता आणि वर्षा पायरीवर बसून डोक्यावर पाणी ओतत होती. हिशेब झाला. लाल गाडीने बावीस दिलं, डिझेलने सोळा.

दिपकने तोंड उघडलं. पण नेमकी त्याच वेळी नवशीआजी गोणीवरून उठली आणि त्याच्या गालावरून हात फिरवून सगळ्यांना सांगू लागली, "लय भला मानूस हाय. पैसं पन नाय घेतलं." भोवती लाहू, त्याची बायको आणि उरलेले चारपाच मतदार उभे होते. तुमच्या वजनाने मी हरलो, असं मतदाराला सांगून कोणी निवडून येत नाही. दिपकने तोंड मिटलं आणि टायरला लाथ घातली. म्हणाला, गाडीच खादाड निघाली, विकूनच टाकतो.

मी तुषारपुढे हात केला.

"चावी."

तो मनापासून हसला. "अगं, आता कशी देऊ? बावीस देते ही. तुझ्या हातात गेली तर बारावर येईल."

सगळे हसले. दिपकसुद्धा हसला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवायला तिथे ना झाड होतं ना भिंत. एका चावीसाठी मी अर्धा तालुका त्या गाडीत कोंबला होता. हरले असते तरी चावी मिळाली नसती, आणि जिंकले म्हणूनही मिळत नव्हती. पैज गाड्यांची होती. मी त्यात नव्हतेच. मला त्याचा इतका राग आला की मी पाय आपटला, जड की हलका कोण जाणे.

मी दिपककडे वळले. "दिपकभाऊ, विकणारच आहात ना? मग गिऱ्हाईक मिळेपर्यंत मला द्या शाळेत जायला. तिचं आता आणखी काय बिघडणार?"

तुषार म्हणाला, एवढी मोठी गाडी हिला झेपायची नाही. दिपक इतका वैतागला होता की म्हणाला, ठोकली तरी चालेल. शिवाय मतदार ऐकत होते. त्याने चावी माझ्या तळहातावर ठेवली. कोणालाच नकोशी झाली तेव्हा ती माझ्या वाट्याला आली, हे मला कळत होतं. तरी मी मूठ मिटली.

परतताना दोघे पुरुष लाल गाडीत बसले, काचा बंद करून. वर्षा माझ्याशेजारी बसली. पहिल्या वळणावर गाडी जरा बाजूला गेली, मग सरळ झाली. रिकामी गाडी हायवेला काय सुरेख पळत होती. बऱ्याच वेळाने वर्षाने विचारलं, "वहिनी, आमची गाडी चांगली आहे ना गं?"

"खूप चांगली आहे."

"मग ह्यांना सांगूया?"

"सांगितलं तर परत घेतील."

मग तिने एसी लावला आणि विचारलं, मला शिकायला किती दिवस लागतील.