मॉर्टर ईरप्पांकडे

ईरप्पांच्या टॉवेलच्या कारखान्यात रविवारी माग बंद असायचे आणि लढाई चालू. पॅकिंगच्या लांबलचक टेबलावर हिरवी चादर पसरायची, तिच्याखाली पुठ्ठे सरकवून टेकड्या करायच्या, बोटाच्या पेराएवढे सैनिक मांडायचे आणि फासे टाकून एकमेकांचं पायदळ गारद करायचं. शेजारच्या कारखानदारांनी 'म्हातारपणी पोरखेळ' म्हणून नाकं मुरडली. ईरप्पांनी असल्या नाकांची कधी फिकीर केली नाही.

यंदा मात्र डोळ्यांनी दगा दिला. समोरचं माणूस धुरकट दिसायचं, टेबलावरचे सैनिक तर मुळीच नाहीत. सोलापूरच्या संघाचा कप्तान नंदीश पोरगा भला, पण हरणं त्याच्या जिवावर यायचं. पुण्याचा संघ खेळायला येणार त्या सकाळी त्याने शिवलीलाला, ईरप्पांच्या लेकीला, बाजूला घेतलं.

"ताई, आज अप्पांना खेळू दे. न्हाय जमलं, तर पुढच्या महिन्यात पुण्याला त्यांच्या जागी प्रभुला न्यावं लागंल. मी तरी काय करू?"

वडिलांपासून काही लपवायची शिवलीलाला सवय नव्हती. तिने जाऊन सगळं सांगून टाकलं. ईरप्पा हसले. लेकीला ते लाडाने अव्वा, म्हणजे आई, म्हणायचे.

"मॉर्टरवाल्याला दिसायला कशाला पायजे गं अव्वा? त्यो टेकडीमागं बसतोय. बघणारा पुढं असतो की. मॉर्टर मी घेतो, बघायला तू जा."

खेळाचा नियमही तसाच होता. मॉर्टर, म्हणजे उखळी तोफ, चालवणाऱ्याने पडद्याआड नकाशा घेऊन बसायचं, निरीक्षक सांगेल त्यावरून पंचांना चौकोन सांगायचा. गोळा पुढच्या फेरीत पडणार. शिवलीलाने पांढऱ्या टॉवेलवर जाड दोऱ्याने चौकोन, रस्ता, कालवा, टेकड्या टाचून दिल्या होत्या. ईरप्पा बोटांनी रणांगण वाचायचे. आयुष्यभर ज्या हातांनी टॉवेलाची वीण तपासली, त्यांना हे काय अवघड!

सोलापूरकरांना उघडं शेत ओलांडून धान्याचं कोठार घ्यायचं होतं. कोठाराच्या खिडकीत पुण्याची मशीनगन. शिवलीलाचा निरीक्षक सैनिक लपतछपत थेट कोठारामागच्या टेकडीवर पोचला, तशी तीही टेबलाच्या त्या टोकाला जाऊन उभी राहिली. आता शत्रू मधे आणि समोर पडद्याआड वडील.

पहिला गोळा कोठाराच्या बाजूला पडला. ती ओरडली, "अप्पा, डावीकडं दोन चौकोन!"

ईरप्पांनी टॉवेलावर बोट फिरवलं, चौकोन सांगितला. पुढच्या फेरीत पंच रुपालीने गोळा ठेवला तो सोलापूरच्याच तुकडीवर. चार सैनिक आडवे. पुण्याचा कप्तान उदयसिंह मोठ्याने हसला. नंदीशने कपाळावर हात मारला आणि प्रभुकडे पाहिलं. त्या पाहण्याचा अर्थ शिवलीलाला बरोबर कळला.

पडद्यामागून आवाज आला. "अव्वा, तुझा डावा सांगितलास का माझा?"

दोघं समोरासमोर असले, की निरीक्षकाने स्वतःचा डावा-उजवा सांगायचा आणि मॉर्टरवाल्याने तो उलटवून घ्यायचा, असा नियम. ईरप्पांनी नियमाप्रमाणे उलटवला होता. चुकली होती ती शिवलीला. लहानपणी सिद्धेश्वर यात्रेआधीच्या सरावात ईरप्पा नंदीध्वजाची उंच काठी पेलून चालायचे, त्यांची नजर वर शेंड्याला. आणि ही परकर सावरत त्यांच्याकडे तोंड करून उलट्या पावलांनी पुढे. 'अप्पा, डावीकडं खड्डा' म्हणजे अप्पांच्या डावीकडे. जीभ तीच सवय धरून बसली होती.

"तुमचा, अप्पा," ती सगळ्यांच्या देखत म्हणाली. "चूक माझी हाय."

"चूक कसली? तसंच सांगत ऱ्हा. मी न्हाय उलटवत." मग डावात ठरलेल्या वाऱ्याबद्दल सावकाश विचारलं, "वारा कुनीकडनं हाय?"

"कालव्याकडनं."

"मग कोठारावर गोळे नकोत. उरलेले सगळे धुराचे."

नंदीश उसळला. "अप्पा, मशीनगन मारायला पायजे! धुरानं कोन मरतंय?"

"मारायचं कशाला? खिडकीतल्याला शेत दिसायचं न्हाय, एवढंच बघायचं. तुझी पोरं चालत जातील."

बापलेकीची जुगलबंदी जमली. "जरा डावीकडं, अप्पा. अजून. बास!" धूर म्हणून ठेवलेला कापूस कालव्यालगत अचूक बसला, वाऱ्याच्या दिशेने रुपाली तो दर फेरीला शेतावर सरकवत गेली. उदयसिंहची मशीनगन फेरीमागून फेरी फासे टाकत राहिली आणि धुरात गोळ्या वाया घालवत राहिली. धूर विरला तेव्हा सोलापूरचं पायदळ कोठाराच्या दाराशी उभं होतं. आत शिरायला एकच फेरी लागली.

उदयसिंह दिलदार निघाला. पडद्यामागे जाऊन म्हणाला, "काका, तुम्ही आडून बघत होतात की काय? इतका नेमका धूर!"

"मला तुमी बी नीट दिसत न्हाय," ईरप्पा म्हणाले. "लेक बघत हुती माझी."

उदयसिंहने त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं, मग मांडीवरच्या टॉवेलाकडे, आणि वाकून नमस्कार केला. शिवलीलाला रडूही येत होतं आणि सगळ्या सोलापूरला ओरडून सांगावंसंही वाटत होतं, की हे माझे वडील.

नंदीश घसा खाकरत पुढे आला. "अप्पा, पुढच्या महिन्यात पुण्याला जायचं. गाडीत पुढची सीट तुमची."

"पुढं बसून मला काय दिसनार रे?" ईरप्पा टॉवेलाची घडी घालत म्हणाले. "तितं शिवलीलाला बसव. मी मागनं नेम धरतो."