पेटीतला नमुना

लवादांनी लाखेचं सील फोडून पेटीचं झाकण उचललं आणि ते आत बघतच राहिले. आत नुसता पेंढा होता.

"खरबुजं कुठं गेली?"

खरबुजं पिकवणारी बाई खुर्चीतून अर्धवट उठली. दिलेल्या मालाची ठरलेली किंमत मिळावी, एवढाच तिचा दावा. त्यावर व्यापाऱ्यानं उलट प्रतिदावा ठोकला होता: माल बेचव निघाला, माझी गिऱ्हाइकं तुटली, भरपाई हिनंच द्यावी आणि बाजाराच्या यादीतून हिचं नाव काढावं. नाव गेलं की पुढच्या हंगामात मळा पडीक.

तिच्याकडे उत्तर एकच होतं. प्रत्येक गाडीतली सहा फळं दोघांदेखत पेटीत बंद करायची आणि घेणाऱ्याच्या शीतघरात ठेवायची, अशी बाजाराची रीत. आज ती सगळ्यांसमोर कापायची, चाखायची, की झालं. आता चाखायचं काय? पेंढा?

व्यापाऱ्यानं पेटी उलटी केली. तळाची एक फळी सैल होती.

"उंदीर असतील," तो म्हणाला.

"तुमच्याकडचे उंदीर फळी परत बसवून जातात वाटतं?" बाईनं विचारलं.

मागच्या बाकावर कुणीतरी खाकरलं. व्यापाऱ्याचे म्हातारे वडील. शीतघराच्या किल्ल्या अजून त्यांच्याच कमरेला असत. आज ते उगाच, गाडीतून तेवढंच फिरणं होईल म्हणून आले होते. त्यांनी एकदा बाईच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि गुडघ्यांवर हात टेकत ते उभे राहिले.

"उंदीर मीच," ते म्हणाले. "एक चाखून बघू म्हटलं. मग राहवेना."

व्यापारी ताडकन उठला.

"अप्पा! डॉक्टरांनी काय बजावलंय तुम्हाला? पथ्य म्हणून काही आहे की नाही? एवढं साखरेसारखं फळ, आणि तुम्ही सहाच्या सहा..."

तो मध्येच थांबला.

लवादांनी चष्मा काढून पुसायला घेतला. बराच वेळ पुसला. त्यांचे खांदे हलत होते.

"बाई, प्रतिदाव्याला तुमचं उत्तर?"

"यांनी दिलं की," बाई म्हणाली. तिला हसू आवरेना.

व्यापारी मटकन खाली बसला. त्याचे कान लाल झाले होते.

"सहाच्या सहा," तो पुटपुटला.

"सहा कशाला?" अप्पा दुखावल्या आवाजात म्हणाले. "तीन तुझ्या आईनं खाल्ली."