बाऊ

“कुठं झाला गं बाऊ? दाखव बघू...” आईचा तो आवाज, आणि पाठोपाठ फुंकर, गुडघ्यावर, कोपरावर, जिथं खरचटलं असेल तिथं... आणि आता तिच्या स्वतःच्या बोटांत मलमाची ट्यूब, शेपटीवर ठसवलेली तारीख. दोन्ही डोळ्यांनी पाहिलं की तारीख स्वच्छ दिसते. उजवा डोळा मिटला की आकडे पाण्यात पडल्यासारखे हलतात, आणि डावीकडून ती सावली, करडी, मुकी, कुणी हळूहळू पडदा ओढत आणावा तशी. काल ती कडेला होती. आज नाकाकडे सरकली आहे.

मलम अजून चालेल. तिनं ते डब्यात ठेवलं.

डबा बिस्किटांचा, पत्र्याचा. त्यात कापूस, जाळीच्या पट्ट्या, लचक भरली तर बांधायला लांब बँडेज, काटा काढायचा चिमटा, तापाची गोळी, उलटीची गोळी. उद्या सकाळी निघायचं, रानात तंबू ठोकायचा, नदीकाठी तीन दिवस. सगळ्यांच्या सगळ्या दुखण्यांना यात जागा आहे... डोळ्यांचे थेंबसुद्धा आहेत, धूळ गेली तर. धूळ! परवा चष्म्याचा नंबर बदलला असेल म्हणून ती दुकानात गेली होती, तर डोळे तपासणाऱ्या बाईंनी यंत्र बाजूला सारलं. म्हणाल्या, आतला पडदा सुटतोय बहुतेक. आजच मोठ्या दवाखान्यात जा. थांबलात तर गेलेली नजर परत येत नाही, ताई.

आणि ती कुठं गेली? औषधांच्या दुकानात. चिकटपट्ट्या घेऊन घरी आली.

“आई, मला मुंगी चावली तर?” धाकटी टेबलाखालून विचारत होती. आपली बाहुली तिनं पायापासून डोक्यापर्यंत बँडेजात गुंडाळली होती.

“हे मलम.”

“बाबांना चावली तर?”

“हेच.”

“आणि तुला?”

“मला नाही चावत.”

“का?”

“आयांना नाही चावत मुंग्या.”

धाकटीला ते पटलं. तिलाही पटलंच होतं की त्या वयात. सगळ्यांच्या जखमांवर फुंकर घालणाऱ्या तिच्या आईच्या पोटात वर्षभर काय दुखत होतं, ते घरात कळलं तेव्हा फुंकर घालायलाही उशीर झाला होता. विचारलं तर म्हणाली होती, “कशाला उगाच बाऊ करायचा?” एकच शब्द. पोराला झाला तर फुंकर मिळते. मोठ्या माणसानं केला तर हसं होतं.

आणि तिचं हसं झालंच होतं. मागच्या वर्षी धाकटीचं अंग गरम लागलं म्हणून तिनं अर्ध्या वाटेतून गाडी वळवायला लावली, आणि घर येईपर्यंत धाकटी मागच्या सीटवर उभी राहून गात होती. तेव्हापासून नवरा तिला ‘अर्ध्या वाटेची राणी’ म्हणतो. पाहुणे आले की तो किस्सा निघतो, तीही हसते. नवऱ्याची रजा त्यानंतर दोनदा रद्द झाली. या वेळी मिळाली तेव्हा तो धाकटीला खांद्यावर घेऊन घरभर नाचला... आता त्या नाचाला कसं थांबवायचं? तीन दिवसांचा तर प्रश्न. तीन दिवस एक डोळा कळ काढेल. काढेल ना? ती मनातल्या मनात त्या सावलीची विनवणी करू लागली, लहान मुलीला करावी तशी: बाई गं, नको येऊ, जरा दारातच थांब, पाहुण्यांना निघून जाऊ दे...

तिनं पुन्हा उजवा डोळा मिटला. भिंतीवरच्या घड्याळाचा अर्धा चेहरा गेला होता.

“डॉक्टरीणबाई, आहे का कोणी दवाखान्यात?”

ती दचकली. नवरा डाव्या हाताला उभा होता, कधीपासून कोण जाणे. तंबूच्या सळ्या जुळवताना बोट चिमटलं होतं. ते पुढं धरून तो हसत होता.

“मला बाऊ झालाय.”

तिनं बोट पुसलं, पट्टी लावली, आणि सवयीनं फुंकर घातली. बोट गरम होतं. त्याला ग्रीसचा वास होता.

“वा, गेलं की दुखणं,” तो म्हणाला. “केव्हाचा हात पुढं करून उभा होतो. दिसत नाही का तुला?”

चेष्टाच होती. नेहमीची. तिला फक्त हसायचं होतं, डब्याचं झाकण लावायचं होतं. झाकण हातातही होतं. टेबलाखाली धाकटी बाहुलीला सांगत होती, आयांना नाही चावत...

“नाही,” ती म्हणाली.

“काय नाही?”

“दिसत नाही. या डोळ्यानं.” त्याचं पट्टी लावलेलं बोट तिनं अजून सोडलं नव्हतं, ते तिनं आपल्या डाव्या पापणीवर नेऊन ठेवलं. “इथं बाऊ झालाय मला.”