फणीतलं पाचवं केळं

मी मिक्सर. फिरत असतो तेव्हा माझ्यापुढं कुणाचंच ऐकू येत नाही, म्हणून बंद असताना सांगतोय.

जन्म कारखान्यातला, पण आयुष्य सुरू झालं ते किनवटच्या मांडवात, रुखवताच्या टेबलावर. शेवेच्या लाडवांशेजारी मला मांडलं होतं, वर चिठ्ठी : ‘सुकन्याला, संगमेशमामाकडून.’ बायका यायच्या, "किती भांड्याचा हाय?" विचारायच्या आणि पुढं सरकायच्या. नवरीला कुणी काही विचारलं नाही.

सुकन्याची सगळी शाळा वसतिगृहात गेली. घंटा झाली की रांग, ताटात पडेल ते खायचं. लग्न ठरल्यावर ती मामाला म्हणाली होती, "आता सकाळचं मला पाहिजे ते करून खाईन." म्हणून मी आलो.

नांदेडच्या या घरात सासू धुरपताबाई आणि नवरा दयानंद. दयानंद शिकवणी वर्गात जीवशास्त्र शिकवतो. ‘सकाळची न्याहारी चुकवू नका’ हे फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहितो म्हणे. घरात सुकन्याची न्याहारी अकराला, सगळ्यांचं आटोपल्यावर, ओट्यापाशी उभ्यानं. पोहे उरले तर. ती बोलत नाही फारसं. बघते मात्र सगळं.

चार महिने मी कूट आणि चटण्याच वाटल्या. मग दयानंदनं पोट उतरवायला ग्रीन टी आणला आणि दोन दिवसांत "लई कडू लागायलंय" म्हणून टाकून दिला. ते पाकीट सुकन्यानं उचललं. मोबाईलवर तिनं स्मूदी बाउल पाहिला होता : ग्रीन टीत फळं दाट वाटायची आणि वाडग्यातून चमच्यानं खायची. पपई, डाळिंब तिनंच आणलं. तो चहा करून गार केला, पपईच्या फोडी बर्फात ठेवल्या.

शुक्रवारी सकाळी सहाला तिनं भांडं लावलं. दाटपणाला केळं हवं होतं. टोपलीत पाच केळ्यांची फणी होती, त्यातलं एक तोडलं. मी फिरलो. रंग जरा मातकट आला, पण वास छान सुटला. काचेच्या वाडग्यात ओतून तिनं वर डाळिंबाचे दाणे पेरले. चमचा उचलला.

"फणी कुणी मोडली?" दारात धुरपताबाई.

"एकच घेतलं, आत्याबाई..."

"एकच! आज माहूरला जायचं हाय. देवीच्या ओटीची पाच केळी होती ती. आता चार घालू का मायच्या ओटीत?"

"मला ठाऊक नव्हतं."

"नसंल तर इचारावं. तोंड हाय की! खायाला बरं सगळ्यांच्या आधी उघडतंय."

तिला कुणी सांगितलं नव्हतं. मी ओट्यावरच असतो, मला माहीत आहे. कोपऱ्यावरच्या गाड्यावर दुसरी फणी पाच मिनिटांत मिळाली असती. नंतर मिळालीच.

आवाजानं दयानंद उठून आला. सुकन्यानं त्याच्याकडं बघितलं. एक वाक्य बोलला असता तरी पुरलं असतं.

तो वाडग्याकडं बघत होता. "आता टाकून कशाला द्यायचं? आण इकडं."

आधी फोटो काढला, मग खाल्लं. "भारी झालंय की! कडू बी लागंना. रोज करत जा मला."

"बघ, आवडलं त्याला," धुरपताबाई म्हणाल्या. राग तिथंच ओसरला.

तेव्हापासून रोज सकाळी मी फिरतो आणि माझ्या आवाजानं कुणाची झोप मोडत नाही. वाडगा एकच भरतो. त्याचा फोटो वर्गातल्या मुलांपर्यंत जातो. दयानंद कामाला गेला की सुकन्या माझ्या भांड्यात अर्धा पेला पाणी घालते, कडेला चिकटलेलं खळबळून घेते आणि उभ्यानंच पिते. मग मला धुते.

मी यंत्र. माझा राग कोण मनावर घेणार? पण तुमच्या घरात सकाळी माझा भाऊबंद ओरडत असेल, तर एकदा उठून या ओट्यापाशी. फळं मोजू नका. वाडगे मोजा.

आज तिनं झाकण लावलं आणि त्यावर हात ठेवून थोडा वेळ तशीच उभी राहिली. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल.

"झालं का गं?" आतून दयानंदचा आवाज आला.

तिनं बटण फिरवलं.