उठायची खुर्ची

आमच्या घरात चांगली अशी एकच खुर्ची होती आणि तिने उत्तराताईच्या जन्माचं वाटोळं केलं, असं आई म्हणायची. मला ते कधी पटलं नाही. खुर्चीने काही केलं नाही. केलं ते आमच्या आदरातिथ्याने.

उत्तराताई माझी थोरली बहीण. लहानपणी तापात तिचा डावा गुडघा आखडला तो कायमचा. चालताना जरा लंगडायची, पण खरी पंचाईत उठताना व्हायची. एकदा बसली की उठायला कुणाचा तरी हात लागे. मग ती इकडेतिकडे बघून हळूच "वासंती" म्हणायची. त्या हाकेचा मला राग यायचा. ताईचा नाही, हाकेचा.

त्रेपन्न साली कल्याणचं स्थळ आलं. मुलगा शाळामास्तर, नाव हरिहर. त्याने ताईला एका लग्नात पाहिलं होतं, पायाचं त्याला ठाऊक होतं, आणि तरी त्याने आपणहून विचारणा केली होती. त्याच्या आईचं म्हणणं इतकंच की मुलीची उठबस तिची तिला होते ना, ते एकदा डोळ्यांनी बघू. ताई त्या दिवसापासून पोळ्या लाटताना गुणगुणायला लागली. आईने टिटवाळ्याच्या गणपतीला नवस बोलला, आणि आनंददादा कागद-पेन्सिल घेऊन बसला.

दादा मुंबईला आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन होता. तिथे परदेशी मासिकं यायची. त्यांतल्या नव्या तऱ्हेच्या खुर्च्यांवर तो लट्टू होता. नक्षी नाही, गाद्यांचे ढीग नाहीत, नुसते सडसडीत लाकडी हात आणि तिरके पाय. पण त्यांची बैठक खोल आणि बुटकी. "साहेबांच्या खुर्च्या बसायला केलेल्या असतात," दादा म्हणाला, "आपली उठायला करू."

त्याने ताईला स्टुलावर बसवून मापं घेतली आणि खोपटच्या रघु सुताराकडून सागवानी खुर्ची करून घेतली. बैठक वेताची, जरा उंच. हात बैठकीच्या पुढे आलेले, टोकाला गोल आणि जाड, म्हणजे तळवा नीट टेकावा. समोर खाली आडवी पट्टीच नाही, म्हणजे धड पाय आत घेऊन जोर लावता यावा. पाय मात्र नुकत्याच उभ्या राहिलेल्या वासरासारखे फाकलेले. शेजारपाजारचे हसले. पण ताईने हातांवर तळवे टेकले, उजवा पाय आत घेतला आणि ती उभी राहिली. एकटी. मग परत बसली आणि परत उठली. दुपारभर हेच. आईने शेवटी डोळ्यांना पदर लावला.

पाहुणे यायच्या दिवशी दादाने सगळं ठरवून दिलं. मुलगी बाहेर येणार मंडळी बसल्यावर, तोवर खुर्ची मी अडवून ठेवायची आणि ताई आली की तिला द्यायची. आमचे वडील, त्यांना आम्ही भाऊ म्हणायचो, तेही मान डोलावून बरं म्हणाले.

हरिहर, त्याची आई आणि त्याचे वडील आले. वडील अंगाने भारी, जिना चढून धापा टाकत होते. भाऊ हात जोडून पुढे झाले.

"या, या. वासंती, ऊठ. आपण इथे बसा, आरामात."

तोंडातून निघालं आणि भाऊंचा चेहरा उतरला. पण मुलाचे वडील बसले होते. त्यांना 'उठा' म्हणायचं? आमच्या घरात माणूस मरेल, पण हा शब्द त्याच्या तोंडून निघायचा नाही. दादासुद्धा नुसता खुर्चीच्या पायांकडे बघत राहिला.

ताई पोह्यांचा ट्रे घेऊन आली आणि तिने पाहिलं. उरलेल्या बुटक्या स्टुलावर ती बसली. थोड्या वेळाने हरिहरची आई मायेनेच म्हणाली, "ये बाई, अशी माझ्याजवळ ये."

ताईने स्टुलाला रेटा दिला. स्टूल कलंडलं, ती पुन्हा खाली बसली. माझ्याकडे बघितलं, पण हाक काही मारली नाही. हरिहर अर्धवट उठला.

"तू बस रे," त्याची आई हळूच म्हणाली.

शेवटी मीच तिला उठवलं. निघताना हरिहरचे वडील झटक्यात उभे राहिले आणि खुर्चीवर थाप मारून म्हणाले, "झकास आहे हो. उठताना गुडघ्याला कळतसुद्धा नाही."

नकार आला. दादा कल्याणला जाऊन सगळं सांगून आला. "डोळ्यांनी पाहिलं ते पाहिलं," हरिहरची आई म्हणाली. हरिहर खाली मान घालून बसला होता म्हणे. मला अजून त्याचा संताप येतो.

दुसरं स्थळ पुढे आलंच नाही. ताई खिडकीशी त्या खुर्चीत शिवण घेऊन बसायची आणि आपली आपण उठायची. मला हाक मारायची तिला गरज उरली नाही.

चार वर्षांनी डोंबिवलीची मंडळी मला बघायला आली. ताई खुर्चीत होती. या खेपेला भाऊ मुद्दाम तिच्या बाजूला जाऊन उभे राहिले आणि मुलाच्या आईला म्हणाले, "आपण तिकडे बसा, त्या दुसऱ्या खुर्चीवर."

पण ताईने तळवे टेकले, पाय आत घेतला आणि ती सरळ उभी राहिली.

"इथे बसा ना," ती म्हणाली, "ही जास्त आरामाची आहे."

मुलाची आई बसली. भिंतीला टेकून उभ्या राहिलेल्या ताईकडे तिने कौतुकाने बघितलं आणि आईला विचारलं, "थोरली किती चटकन उठली हो. हिचं कसं नाही जमलं अजून?"

भाऊंनी तोंड खिडकीकडे फिरवलं. ताई म्हणाली, "पोहे घ्या ना, गार होतील."

मला रडू आवरेना. मुलगी फार हळवी आहे, असं म्हणून पाहुण्यांनी मला तिथेच पसंत केलं.